झोळीतला संगणक

आमच्या पूर्णिमाचं लग्न झालं ते साल दोन हजार एक. नात सासरी जाताना इथून काय काय घेऊन गेली ते सांगत बसत नाही. काय ठेवून गेली ते सांगतो. ती आपला संगणक ठेवून गेली. नवरा हिंजवडीला संगणकाच्याच कंपनीत, त्यांच्या घरी नवा कोरा होता. "आजोबा, हा तुम्ही वापरा," म्हणाली. आळीतल्या लोकांना हे ऐकून हसू आलं. त्यांना हसू आलं म्हणूनच मी तो ठेवून घेतला.

मी कसब्यातल्या तांबट आळीतला तांबट. बंब, घंगाळं, हंडे ठोकण्यात जन्म गेला. खांदा निकामी झाला तेव्हा हातोडा ठेवला. अक्षर मात्र फार उशिरा आलं. पन्नाशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन मुळाक्षरं गिरवली. वर्ग शाळेत भरायचा आणि तिथल्या बाकात माझे गुडघे मावायचे नाहीत. त्याआधी माझ्या नावाने जे काही लिहिलं गेलं ते दुसऱ्यांनी लिहिलं, मी खाली अंगठा टेकवला. दुसऱ्याकडून लिहून घेणं काय असतं ते ज्यांना लहानपणीच अक्षर आलं त्यांना कळायचं नाही. आपण रागावून बोलावं, आणि कागदावर आपण हात जोडून उभे असावं.

त्याच पावसाळ्यात आळीला नोटीस आली. कुठल्या कार्यालयाची ते सांगत नाही, त्यांना उगाच मोठेपणा नको. आळीच्या तोंडाशी एक नवी इमारत उभी राहिली होती. तिथल्या रहिवाशांना आमच्या ठोक्यांचा त्रास होतो, सबब सगळ्या तांबटांना भट्ट्या-हातोड्यांसकट शहराबाहेरच्या एका माळावर हलवण्याचं योजलं आहे, कोणाची हरकत असल्यास दसऱ्याच्या आत लेखी कळवावी, असा मजकूर होता. आळीने एकमताने ठरवलं की हरकत दशरथ लिहील, म्हणजे मी. घरात संगणक असलेला माणूस हुशार असतो, असं तेव्हा लोकांना वाटायचं.

मी पहिल्यांदा हातानेच लिहिली. कार्यालयातल्या कारकुनाने कागद लांब धरून पाहिला. "अक्षर सुरेख आहे," तो म्हणाला. "घरी फ्रेम करून लावा. इथे टंकलिखित लागतं, तीन प्रतींत."

मग मी कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडे गेलो. त्याला सांगितलं, लिही, आम्ही हलणार नाही. त्याने खडाखडा टाईप केलं आणि मी वाचायला घेतलं. मायबाप सरकारने आम्हा गरिबांवर कृपादृष्टी ठेवून सहानुभूतिपूर्वक विचार करावा, असं पानभर होतं, आणि शेवटी 'आपला नम्र'. मी विचारलं, माझं वाक्य कुठे आहे? तो म्हणाला, अर्जात असं लिहीत नसतात. मी ते तिन्ही कागद त्याच्यासमोर फाडले. घरी आल्यावर आमची मंडळी, म्हणजे वेणूबाई, म्हणाली की एक प्रत पाहून फाडता आलं असतं, तिन्ही होईपर्यंत कशाला थांबलात. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण रागाला तेवढा हिशेब जमत नाही.

म्हणून संगणक. ज्याला सगळं आयुष्य दुसऱ्याने लिहून दिलं, तो एकदा तरी आपलं वाक्य आपल्या बोटाने लिहिणार होता. आळी राहते की जाते हा प्रश्न होताच. पण जायचीच असेल तर ती 'आपला नम्र' म्हणत जाऊ नये, एवढं मी मनाशी धरलं होतं.

संगणक माडीवर होता. वीज ज्या भिंतीला, टेबल त्या भिंतीला. भिंतीपलीकडे हिंमतरावांचा कारखाना. पूर्णिमाने जाण्याआधी बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकट्या लावून दिल्या होत्या. मी एका बोटाने लिहायचो. आमच्या धंद्याचे नियम मी यंत्रालाही लावले होते: सकाळी आळी सुरू झाली की बसायचं, दिवेलागणीनंतर हत्यार उचलायचं नाही, आणि सोमवारी आळीची सुट्टी, त्या दिवशी हत्याराला शिवायचंसुद्धा नाही. सोमवारी मी संगणकावर धुतलेलं कापड घालून ठेवायचो.

यंत्र मुळात मंद. बटण दाबून मी खाली जायचो, चहा करून घ्यायचो, प्यायचो, पेपर वाचायचो, तेव्हा कुठे ते जागं झालेलं असायचं. मंद असल्याबद्दल माझी तक्रार नव्हती; मीही अक्षर शिकायला वेळ घेतला होता. पण 'आम्ही तांबट या आळीत पेशवाईपासून' एवढं होईपर्यंत पडदा निळा व्हायचा आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी उमटायचं. आधीचं सगळं गडप. साठवून ठेवायची युक्ती पूर्णिमाने शिकवली होती, पण साठवलेलं उघडलं तर त्यात चौकटी आणि प्रश्नचिन्हं निघायची. निळ्या पडद्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं. मराठीच एवढ्या उशिरा आली; इंग्रजीचा शब्द मी अजून कोणाला दिलेला नाही.

यंत्र बिघडलं ही बातमी आळीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. सगळ्यात आधी आले यज्ञेश्वर. हे निवृत्त हेडक्लार्क, त्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. माडीवर येऊन त्यांनी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, "तक्रारीवर पहिली सही माझी आहे. पण म्हणून हरकत अशुद्ध गेलेली मला चालणार नाही." असा शत्रू पुण्यातच मिळतो. त्यांनी यंत्र पाहून त्यात व्हायरस असल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, हे कुठे बाहेर गेलं नाही, याला कोणी भेटायला येत नाही, याला व्हायरस कुठून लागणार? ते म्हणाले, माणसांनाही तसाच लागतो.

वेणूबाईने ते मनावर घेतलं आणि संगणकाच्या डब्याच्या मागे कापराच्या वड्या ठेवल्या. धूळ नको म्हणून गोधडी पांघरली. त्याने यंत्राला इतका घाम फुटला की मीच घाबरून ती काढली. भिंतीपलीकडचे हिंमतराव आले ते हातातल्या हातोड्यासकट. आळीत वयाने सगळ्यात मोठे, आणि त्यांच्या हाताचा ठोका सगळ्यात जड. त्यांनी यंत्राचं सगळं ऐकून घेतलं, हातोडा खाली ठेवला, हे त्यातल्या त्यात बरं, आणि डब्याच्या कुशीत एक चापट दिली. पडदा उजळला. पुढचे काही दिवस मीही चापट मारून पाहिली. माझ्या हाताला गुण आला नाही.

अखेर अभिनवला बोलावलं. संगणक यानेच जोडून दिलेला, दुकान लक्ष्मी रस्त्याच्या मागे एका पार्किंगमध्ये. तो यंत्र रिक्षात घालून घेऊन गेला आणि आठवड्याने परत आला. "काही फॉल्ट नाही, आजोबा. माझ्याकडे अहोरात्र चालू होता. एकदाही हँग झाला नाही." त्याने माझ्यासमोर लावून दाखवला. दुपारची वेळ होती, आळी जेवायला बसली होती. यंत्र झकास चाललं. अभिनवने पोहे खाल्ले, चहा घेतला, खाली जाऊन स्कूटरला किक मारली. स्कूटर आळीबाहेर पडली असेल-नसेल, वर पडदा निळा.

असं पुन्हा एकदा झालं. दुसऱ्या खेपेला त्याने आवाज अगदी मऊ करून विचारलं, "आजोबा, तुम्ही नक्की काय दाबता?"

हा प्रश्न मला लागला. ज्या बोटांनी मी नुसतं चाचपून तांब्याच्या पत्र्याची जाडी सांगत आलो, त्या बोटांना या पोराने 'नक्की काय दाबता' विचारावं. मी त्याला सांगितलं की मी जे छापलंय तेच दाबतो. तो म्हणाला, मग वीज खराब असेल. मी विजेच्या कार्यालयात अर्ज दिला. एक माणूस येऊन मीटर बघून गेला, वीज चांगली आहे म्हणाला, आणि जाता जाता म्हणाला की असे अर्ज टाईप करून द्यायचे असतात.

नवरात्र बसलं. दसरा डोक्यावर आला आणि माझी हरकत 'पेशवाईपासून'च्या पुढे सरकली नव्हती. तेवढ्यात पूर्णिमा माहेरी जेवायला आली आणि सोबत नणंदेला घेऊन आली. उत्कर्षा तिचं नाव. अमरावतीची माणसं, ही पोरगी हिंजवडीतच नोकरीला. नातीच्या सासरची पाहुणी म्हटल्यावर आम्ही सगळे धुतल्या तांदळासारखे वागत होतो. मी विचारलं, प्रवास कसा झाला? ती म्हणाली, काय म्हणालात? वेणूबाईने विचारलं, आई-बाबा बरे आहेत ना? ती पुढे वाकून म्हणाली, हं?

वेणूबाईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "पोरगी गुणाची आहे, पण कानाने कमी आहे. लग्नाच्या वेळी त्यांनी सांगितलं नाही हो आपल्याला." मी म्हटलं, तिचं लग्न नव्हतं, तिच्या भावाचं होतं. ती म्हणाली, तरी सांगायला पाहिजे होतं. मग वेणूबाई आवाज चढवून बोलू लागली, पाहुणीही तितक्याच मोठ्याने उत्तरं देऊ लागली, आणि श्रीखंड वाढण्याचा आग्रह आमच्याकडे असा झाला की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, वाटणीचा वाद चाललाय.

जेवण झाल्यावर दोघींना संगणक दाखवायला माडीवर नेलं. यज्ञेश्वरही आले होते. देवीचा प्रसाद द्यायला आलो म्हणाले, पण त्यांचं लक्ष माझ्या मजकुराकडे होतं. मी यंत्र चालू केलं. उत्कर्षाने हातातला पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि त्याकडे बघतच राहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "इतका आवाज कायचा होऊन राहिला?"

"कोणता आवाज?" मी विचारलं.

तिने पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमा याच माडीवर लहानाची मोठी झालेली. तिनेही कानोसा घेतला आणि म्हणाली, "कोणता गं?"

पोरगीने पेल्याकडे बोट दाखवलं. पाण्यावर गोल गोल कडी उमटत होती, मधोमध निघून काठाला जात होती. मग तिने माझा हात धरून तळवा टेबलावर ठेवला.

ठोका तळव्याला लगेच ओळखीचा लागला. हिंमतराव बंबाचं पोट मठारत होते, बारीक ठोके देऊन गुळगुळीत करत होते. त्यांच्या मागे त्यांच्या मुलाचा, पलीकडे आणखी कोणाकोणाचा. सबंध आळी त्या टेबलात वाजत होती. मी तिथेच जन्मलो, तिथेच म्हातारा झालो, आणि मला ते ऐकू येत नव्हतं. आम्हा कोणालाच येत नव्हतं. मी हात उचलायच्या आत पडदा निळा झाला.

उत्कर्षाने समजावून सांगितलं. आत एक तबकडी गरगर फिरते, तिच्यावर केसभर अंतरावरून सुईसारखं काहीतरी फिरतं, टेबल हादरलं की ते चुकतं. अभिनवच्या दुकानात ते का चाललं, दुपारी का चाललं, सगळं उलगडलं. सोमवारी मी एकदा जरी कापड काढलं असतं, तर पावसाळ्यातच कळलं असतं. पण सोमवारी हत्याराला शिवायचं नाही, त्याला काय करणार.

यज्ञेश्वरांनी प्रसादाची वाटी बाजूला ठेवली.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझा साक्षीदार तुमच्या घरात बसलाय."

खोटं काय होतं त्यात? आमच्या ठोक्यांनी कोणाचं काही बिघडत नाही असं लिहायला मी ज्या यंत्रापुढे बसलो होतो, ते यंत्रच आमच्या ठोक्यांनी बिघडत होतं. घरात घेऊन, कापूर लावून, गोधडी पांघरून मी कार्यालयाचा माणूस पोसत होतो.

पूर्णिमा म्हणाली, आजोबा, आमच्याकडे चला, दोन तासांत होईल. मी म्हटलं, आळी हलणार नाही असं लिहायला मी हिंजवडीला हलू? हिंमतरावांना कळलं तेव्हा ते स्वतः वर आले. जिना चढताना त्यांना धाप लागायची, तरी आले.

"दशरथा, एक दिवस सगळे हातोडे खाली ठेवायला सांगतो. लिही निवांत."

"आम्ही हातोडे थांबवणार नाही, हे हातोडे थांबवून लिहायचं?"

"मग कसं लिहिणार?"

"ठोक्यांतच लिहीन."

ते माझ्याकडे बघून हसले, खाली गेले, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांनी मुद्दाम जोरात ठोकलं.

म्हणायला म्हटलं, पण लिहिणार कसं? टेबलाखाली पोती घातली, उशा घातल्या, पायांना चिंध्या बांधल्या. पडदा निळाच. शेवटी वेणूबाई केरसुणी हातात घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आपली पोरं या ठोक्यांत कशी झोपायची?"

मी म्हटलं, झोळीत.

तुळईला कडी होतीच. आमची सगळी मुलं आणि पूर्णिमासुद्धा त्या कडीला झोपलेली. वेणूबाईने जुनं लुगडं काढलं, त्याची झोळी बांधली, आणि आम्ही दोघांनी संगणकाचा डबा अलगद उचलून तिच्यात निजवला. वायरी बाहेर लोंबत ठेवल्या. पडदा आणि बटणं टेबलावर, डबा अधांतरी. चालू केला. पलीकडे हिंमतराव ठोकत होते, भिंत हादरत होती, टेबल हादरत होतं, आणि झोळीतला डबा नुसता गुणगुणत होता. पडदा तसाच उजळ. एकच खोट होती, जाता-येता वेणूबाई सवयीने झोळीला झोका द्यायची, मग माझ्या तोंडचं वाक्य तोंडातच राहायचं आणि मला ओरडावं लागायचं.

हिंमतरावांच्या घरच्या मथुराबाई काही मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं बाई, केव्हा झालं? कोणाचं?"

"आमचंच आहे," वेणूबाई म्हणाली.

मथुराबाई पुढे झाल्या. "कोणावर गेलंय?"

"यांच्यावर. बोलता बोलता मधेच बंद पडतं."

मी ते ऐकलं. ऐकून घेतलं. लिहायचं काम चालू होतं.

पान झालं तेव्हा यज्ञेश्वरांनी ते तपासलं. वेलांट्या-उकार ठीक केले, दोन ठिकाणी पूर्णविराम दिले. एका वाक्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"हे काढा. हे तुमच्याच विरुद्ध जातंय."

"राहू द्या."

"अहो, मी तक्रारदार आहे. मी तुम्हाला सांगतोय, काढा."

"खरं आहे ते. राहू द्या."

वाक्य असं होतं: 'आमच्या ठोक्यांनी संगणक बंद पडतो हे मी माझ्या घरात पाहिले आहे.' त्याच्या पुढे मी लिहिलं होतं: 'पण आळी आधीची आहे, संगणक नंतरचा आहे. जो नंतर आला त्याने आपली झोळी बांधून घ्यावी. आम्ही हलणार नाही.' खाली नाव, आणि नावापुढे तांबट. यज्ञेश्वरांनी ते पुन्हा वाचलं. 'झोळी'वर त्यांनी काही म्हटलं नाही, पण जाताना दार नेहमीपेक्षा जोरात लावलं.

कागद छापून आणला आणि कार्यालयात नेला. तोच कारकून. त्याने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"शेवटी 'आपला नम्र' राहिलंय."

"राहिलेलं नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. शिक्का मारताना टेबल चांगलं हादरलं. तिथला संगणक काही बंद पडला नाही. तो चालूच नव्हता.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. होकार आला नाही, नकारही आला नाही. माळावर मग कोणाचे तरी बंगले झाले. यज्ञेश्वरांनी खिडक्यांना जाड काचा बसवून घेतल्या, ती त्यांची झोळी, आणि आळी होती तिथे राहिली. मला तेवढं पुरे होतं.

पुढे पूर्णिमा बाळंतपणाला आली आणि कडी तिच्या खऱ्या मालकाकडे गेली. मुलगा हिंजवडीच्या शांततेत रडायचा आणि आमच्याकडे ठोके सुरू झाले की झोपायचा. ती सासरी गेल्यावरही वेणूबाईने कडी त्याच्यासाठीच ठेवली. पोरगं केव्हाही येईल म्हणायची. संगणक परत टेबलावर आला, भिंतीला लागून, आणि पूर्वीसारखा बंद पडू लागला. मी तक्रार केली नाही. वाक्य झालं की साठवायचं, बंद पडला की चहा प्यायचा, पुन्हा लावायचा. मला लिहायची सवय लागली होती आणि त्याला पडायची.

फक्त एकदा तो नीट चालला. थंडीचे दिवस होते. हिंमतराव आजारी होऊन दवाखान्यात होते, पण त्यांचा मुलगा रोज ठोकत होताच, आळीही ठोकत होती. मी सकाळी बसलो ते एक पान झालं, दुसरं झालं. पडदा निळा नाही, चौकटी नाहीत, काही नाही. मला वाटलं, याला थंडी मानवली. मी माडीवरून वेणूबाईला हाक मारली, "अगं, सुधारला बघ हा." उत्तर आलं नाही. पुन्हा हाक मारली आणि सांगायला म्हणून जिना उतरलो.

वेणूबाई दारात उभी होती. समोरच्या दारांतून सगळे आपापले हात पुसत बाहेर येऊन उभे होते. हातोडे केव्हा थांबले ते मला कळलंच नव्हतं.

हिंमतराव वारले. सोळा जानेवारी दोन हजार चार, शुक्रवार, सकाळी.